अल्बममध्ये न आलेले फोटो

मराठी घरात अल्बमला मान असतो. लग्न जमलं, पाहुणे आले, परदेशातला भाचा बऱ्याच वर्षांनी घरी उतरला, की अल्बम निघतो. त्याच अल्बमच्या मागच्या कप्प्यात, नाहीतर कपाटाच्या खणात जुन्या पासबुकांखाली, लॅबचं एक कागदी पाकीट असतं. त्यात फिल्मच्या चार-चार, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या असतात. त्या कुणी पाहत नाही. पुढेमागे कॉपी काढावी लागली तर असू द्याव्यात, म्हणून ठेवलेल्या असतात. पुढे कॉपी काढून देणारं दुकानच मोबाईलच्या कव्हरांचं झालं. आता सोसायटी पुनर्विकासाला जाते, सामान भाड्याच्या घरात हलवायचं असतं, तेव्हा अल्बम खोक्यात जातो आणि पाकीट रद्दीत.

ही पुस्तिका त्या पाकिटाबद्दल आहे, आणि त्याच्या शेजारी सापडणाऱ्या स्लाईडच्या डब्यांबद्दलही. निगेटिव्ह आणि स्लाईड घरच्या घरी डिजिटल कशा करायच्या, ते पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने सांगितलं आहे. प्रस्तावनेत त्याआधीचा प्रश्न घेतो. पैसे दिले की हे काम करून देणारे आहेत, मग ते घरी कशासाठी करायचं? पैसे वाचतात हे उत्तर पुरेसं नाही, आणि पुष्कळदा खरंही नसतं. माझं उत्तर असं की या कामात पावलोपावली निर्णय घ्यावे लागतात. कोणती फ्रेम ठेवायची, कोणता चेहरा उजळ करायचा, साडीचा रंग कोणता धरायचा, फोटो कुठल्या साली टाकायचा. यांतले बरेचसे निर्णय फोटोतल्या माणसांना ओळखणाऱ्यालाच नीट घेता येतात.

आधी आपल्या हाती नेमकं काय आहे ते पाहू. घराचं मूळ खरेदीखत आणि त्याची झेरॉक्स यांत जो फरक, तोच निगेटिव्ह आणि प्रिंटमध्ये. बटण दाबलं त्या क्षणीचा उजेड पडला तो निगेटिव्हवर. प्रिंट नंतर निघाली, लॅबमधल्या यंत्रावर, एकामागून एक शेकडो फोटोंच्या रांगेत. प्रिंटर चौकटीच्या कडा थोड्या खात असे. चौकोनी निगेटिव्ह आयताकृती कागदावर छापली की वरचं किंवा खालचं काहीतरी जाईच. उन्हातलं पांढरं धोतर प्रिंटवर नुसता पांढरा डाग दिसतं, निगेटिव्हमध्ये त्याच्या निऱ्या मोजता येतात. रंगीत निगेटिव्हमध्ये उजळ भागातला तपशील पेपरवर उतरतो त्याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून अल्बममधल्या फोटोचा मोबाईलने फोटो काढणं आणि निगेटिव्ह स्कॅन करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोल छत्तीसचा असला तरी छत्तीसच्या छत्तीस प्रिंट काढणं बहुतेक घरांना परवडत नसे. रोल धुऊन आला की निगेटिव्ह उजेडाला धरून निवड व्हायची. डोळे मिटलेला, हललेला, मध्येच कुणीतरी आडवं आलेला फोटो गळायचा. निवड करणाऱ्याची नजर उत्सवमूर्तीवर असायची आणि तेव्हा ते बरोबरच होतं. मुंजीच्या रोलमधली एक फ्रेम बटूने मान हलवली म्हणून गाळली गेली. तिच्याच मागच्या भागात, पंगतीत वाकून भात वाढणारी आजी स्वच्छ आली आहे: पदर खोचलेला, हातात वाढप्याचं पातेलं, तोंड कॅमेऱ्याकडे अर्धवट वळलेलं. समारंभाच्या बाकी फोटोंत ती नाही, कारण फोटोवाला मांडवात होता आणि ती मुदपाकखान्यात. अशा फ्रेम जवळपास प्रत्येक जुन्या रोलमध्ये निघतात. बाहेरच्या माणसाला स्कॅन करायला दिलं आणि ‘खराब फोटो वगळा’ असं सांगितलं, तर तो पुन्हा त्याच फ्रेम वगळेल.

तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. अल्बममध्ये फोटो कसेही लावलेले असतात, निघालेले असतात, दुसऱ्याच्या जागी घुसवलेले असतात. पट्टीवर तसं होत नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला १, १ए, २, २ए असे आकडे कारखान्यातूनच छापून आलेले असतात. एकेक रोल गणपतीला भरला की संक्रांतीपर्यंत पुरवला जाई, त्यामुळे एका पट्टीवर आरास, दिवाळीचा किल्ला आणि नव्या स्कूटरला घातलेला हार असं शेजारी-शेजारी येतं. स्कूटर दिवाळीनंतर आली की आधी, यावर दोन काकांचा वाद असेल तर पट्टी तो मिटवते.

आपल्याकडच्या घरांत फिल्मचे जे प्रकार सापडतात त्यांची ओळख पुस्तिकेच्या पहिल्या प्रकरणात आहे. इथे थोडक्यात सांगतो. साठ-सत्तरच्या दशकांतली रुंद फिल्म बहुधा १२० नंबरची असते. बडोद्यात तयार होणारा ॲग्फा क्लिक-३ हा त्या काळातला मध्यमवर्गीय कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो, प्रत्येक जवळपास सहा सेंटिमीटरचा चौकोन. फिल्म परदेशी मिळाली तर ठीक, नाहीतर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट कॅमेरे आले. त्यांची ११० नंबरची फिल्म अगदी चिमुकली, फ्रेम १३ बाय १७ मिलिमीटरची. तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. नंतर ३५ मिलिमीटर रंगीत फिल्म सगळीकडे पसरली. तिची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि आज पाकिटांत सापडणारा मोठा साठा तिचाच.

स्लाईड कमी घरांत असतात, पण असतात तिथे डबेच्या डबे असतात. हिमालयात जाणारे गिर्यारोहक, पक्षिनिरीक्षक, लेण्यांवर व्याख्यानं देणारे प्राध्यापक, शस्त्रक्रियेच्या स्लाईड जमवणारे डॉक्टर. शिवाय अमेरिकेतले नातेवाईक. अमेरिकेच्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर जे मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर तिकडे गेले, त्यांच्यातल्या अनेकांनी पहिला बर्फ, पहिली गाडी, पहिलं भाड्याचं घर स्लाईडवर घेतलं आणि सुट्टीत येताना डबा बरोबर आणला. त्यांत कोडाक्रोम असेल तर नशीब. १९३५पासून बनत आलेल्या या फिल्मचे रंग अंधारात ठेवले तर दशकानुदशकं टिकतात. तिचं उत्पादन २००९मध्ये थांबलं आणि ती धुणाऱ्या शेवटच्या लॅबने, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या, २०१०च्या अखेरीस तिचे रोल घेणं बंद केलं. कोडॅकने धुतलेल्या स्लाईडच्या पुठ्ठ्यावर पुष्कळदा महिना आणि साल छापलेलं असतं. त्यावर पेनाने लिहिलेलं गावाचं नाव असेल तर पुठ्ठ्याचाही फोटो काढून ठेवा. अक्षर कुणाचं ते घरात कुणीतरी ओळखेलच.

आता घाई किती करायची? सगळी फिल्म सारख्या वेगाने खराब होत नाही. कृष्णधवल निगेटिव्हमधलं चित्र चांदीचं असतं. ती नीट धुतली गेली असेल तर चित्र खूप टिकतं. रंगीत फिल्ममधलं चित्र रंगद्रव्यांचं असतं आणि ती अंधारातही हळूहळू उडतात. म्हणून कृष्णधवल जुनी असली तरी काम रंगीतपासून सुरू करणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. याला एक अपवाद आहे. पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती फिल्म रांगेत सगळ्यांत पुढे घ्या. ॲसिटेटच्या पायावरची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजू लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढची कूज वाढवतं. फिल्म आक्रसते, वरचा थर सुरकुततो, मग ती सपाट होत नाही. अशी फिल्म हवाबंद डब्यात ठेवू नये. बाकीच्या फिल्मपासूनही दूर ठेवावी.

१९५०च्या आसपासची किंवा त्याआधीची फिल्म असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. तेव्हाची काही फिल्म नायट्रेटच्या पायावर असे आणि नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही असतं. पुण्यात जानेवारी २००३मध्ये नायट्रेट रिळांच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातसह जुन्या काळच्या शेकडो चित्रपटांची रिळं गेली. कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ अशी अक्षरं असतील तर निश्चिंत व्हा. नसतील आणि फिल्म पिवळी, चिकट झाली असेल तर ती उष्णतेपासून लांब, सुटी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. तुकडा जाळून बघायचा प्रयोग कुणी सुचवला तरी करू नका.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात मात्र खरा शत्रू बुरशी. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि पावसाळ्यात बुरशीला तो मेजवानीच. जाळीसारखे पांढरट धागे दिसले की पाण्याने पुसायचा मोह होतो. बुरशीने जिलेटिन इतकं कमकुवत केलेलं असतं की पाण्याबरोबर चित्रही सुटून येऊ शकतं. तिथे पाणी वर्ज्य. पुराचं पाणी घरात शिरलं तर नियम उलटा होतो. २६ जुलै २००५ला मुंबईत, २०१९ला सांगली-कोल्हापुरात, २०२१ला चिपळुणात किती घरांतले अल्बम भिजले ते सगळ्यांना ठाऊक आहे. भिजलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या अवस्थेत वाळू दिल्या की संपल्या. त्या ओल्याच ठेवून, स्वच्छ गार पाण्यात हलक्या हाताने सुट्या करून, एकेक चिमट्याने टांगून सावलीत वाळवायच्या.

एवढं झालं की स्कॅनिंग येतं, आणि इथेच घरचा आणि बाहेरचा फरक पडतो. हळदीच्या कार्यक्रमाची निगेटिव्ह घ्या. नवरीच्या अंगाला हळद, साडी पिवळी, पाटाभोवती झेंडू, आणि वर दिव्याचा पिवळसर उजेड. रंगीत निगेटिव्ह मुळात नारिंगी दिसते, कारण फिल्ममधल्या रंगद्रव्यांचे दोष भरून काढण्यासाठी तो नारिंगी पडदा कारखान्यातच घातलेला असतो. स्कॅन केल्यावर आधी हा पडदा वजा करायचा, मग रंग उलटे करायचे, मग तोल साधायचा. आपोआप चालणारी सॉफ्टवेअरं तोल साधताना पुष्कळदा असं धरून चालतात की कुठल्याही फोटोतले सगळे रंग मिसळले तर सरासरी करडी येते. कोडॅकमधल्या राल्फ इव्हान्सने १९४०च्या दशकात मांडलेली ही कल्पना. लॅबमधले रंगीत प्रिंटर तिच्यावर चालले आणि सर्वसाधारण फोटोंना ती छान लागू पडते. हळदीच्या फोटोत मात्र सरासरी पिवळीच असते. यंत्र तिला करडी करू बघतं, त्यासाठी निळा ओततं. हळद फिकी पडते, चेहरे निळसर होतात, आणि भटजींचं धोतर तेवढं शुभ्र निघतं.

घरात बसलेल्या माणसाला हे पहिल्याच नजरेत खटकतं. तो रंग मागे खेचतो आणि विचारतो की साडी लिंबासारखी होती की केशरी? कपाटात ती साडी अजून असेल तर ती काढून पडद्याशेजारी धरता येते. नसेल तर मावशी सांगते. धोतर किती पांढरं करायचं हाही प्रश्नच आहे. दिव्याच्या उजेडात ते पिवळसरच दिसत होतं, आणि ते पूर्ण पांढरं केलं की संध्याकाळची वेळ फोटोतून निघून जाते. या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही यंत्राच्या सेटिंगमध्ये नाहीत.

दुसरं उदाहरण कृष्णधवलचं. जुन्या स्टुडिओत काढलेल्या मोठ्या निगेटिव्ह घरी आल्या असतील, तर त्या तिरप्या उजेडात धरून पाहा. चेहऱ्यावर बारीक बारीक शिसपेन्सिलच्या रेघा दिसतील. स्टुडिओतला कारागीर निगेटिव्हच्या थरावर टोकदार पेन्सिल चालवून सुरकुत्या, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढत असे. निगेटिव्हवर जिथे काळं वाढवलं तिथे प्रिंट उजळते, म्हणून आजीच्या लग्नाआधीच्या फोटोत तिचा रंग घरातल्या आठवणीपेक्षा दोन छटा गोरा असतो. तो फोटो मुलाकडच्यांना पाठवायचा होता. मोठ्या रिझोल्यूशनच्या स्कॅनमध्ये या रेघा स्पष्ट उमटतात. साफ करणारा माणूस धूळ समजून त्या द्रावणाने पुसून टाकील, किंवा सॉफ्टवेअरने मिटवील. माझ्या मते मूळ निगेटिव्हवरची पेन्सिल मुळीच पुसू नये. त्या रेघा त्या काळातल्या लग्नाच्या बाजाराचा पुरावा आहेत. स्कॅनच्या एका प्रतीत त्या तशाच ठेवाव्यात, दुसऱ्या प्रतीत हव्या तर सौम्य कराव्यात.

याच कारणाने चेहरे ‘सुधारून’ देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांपासून मी वाचकांना थोडं सावध करतो. अस्पष्ट चेहरा त्यांना दिला की ती असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेला एक नीटनेटका चेहरा तिथे बसवतात. डोळे लखलखीत येतात, पण ते आजोबांचे नसतात. गंमत म्हणून करायला हरकत नाही. ती फाईल मात्र वेगळी ठेवावी आणि नावातच तसं लिहावं, म्हणजे वीस वर्षांनी नातवंडं तिलाच मूळ समजणार नाहीत.

साधनांची निवड हा लोकांना सर्वांत जास्त छळणारा विषय, म्हणून त्याला दोन प्रकरणं दिली आहेत. मार्ग तीन. झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड स्कॅनर, फक्त फिल्मसाठी बनवलेला छोटा स्कॅनर, आणि डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचा फोटो काढणं. फ्लॅटबेडच्या खोक्यावर ६४०० डीपीआय छापलेलं असलं तरी काचेवरून प्रत्यक्ष हाती येणारा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतो. १२० फिल्मला हे चालून जातं. प्रत्यक्ष २००० डीपीआय मिळाले तरी सहा सेंटिमीटरच्या चौकोनातून सुमारे १९ मेगापिक्सेलची फाईल होते. ३५ मिलिमीटरला ते अपुरं पडतं. तिथे फिल्म स्कॅनर किंवा कॅमेरा बरा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर मॅक्रो लेन्स लावून फ्रेम काठोकाठ भरली तर हिशेब साधारण ४२०० डीपीआयवर जातो, आणि घरगुती फिल्ममध्ये त्याहून जास्त तपशील क्वचितच असतो.

ज्यांच्याकडे कॅमेरा आधीच आहे त्यांना मी तिसरा मार्ग सुचवतो. लागतं ते असं: चांगल्या प्रतीचा, सर्व रंग नीट दाखवणारा एलईडी लाईट पॅड, फिल्म सपाट धरणारी चौकट, कॅमेरा खाली तोंड करून धरणारा स्टँड. आयएसओ १००, छिद्र एफ-८, फाईल रॉ. फोकस चेहऱ्यावर न करता फिल्मच्या कणांवर करायचा. फिल्म आणि कॅमेरा समांतर आहेत की नाहीत, हे पाहायची युक्ती जुनी आणि फुकट आहे. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सला स्वतःचंच प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यभागी दिसलं की समांतर. फिल्मची चकचकीत बाजू कोणती आणि निस्तेज बाजू कोणती, हे पाहून घ्या. कडेची अक्षरं सुलट वाचता येतात तेव्हा चित्रही सुलट असतं. नाहीतर मामांचा भांग दुसऱ्या बाजूला पडतो आणि मागच्या दुकानाची पाटी उलटी येते.

धुळीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. अनेक फिल्म स्कॅनर इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखून ती आपोआप मिटवतात. रंगीत फिल्ममधली रंगद्रव्यं या किरणांना आरपार जाऊ देतात, म्हणून वाटेत अडतं ते धूळ किंवा ओरखडा, हा त्यामागचा तर्क. कृष्णधवल फिल्ममधली चांदी स्वतःच किरण अडवते. तिथे यंत्राला चेहराही धूळ वाटतो. कोडाक्रोमवरही या सोयीचा भरवसा नाही. त्यामुळे रबरी फुंकणी, मऊ ब्रश, पंखा बंद केलेली खोली आणि चिकाटी याला कृष्णधवलमध्ये पर्याय नाही.

सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यूस्कॅन आणि सिल्व्हरफास्ट ही स्कॅनरसाठी जुनी, मुरलेली नावं. कॅमेऱ्याने काम करणाऱ्यांसाठी लाइटरूममध्ये चालणारं निगेटिव्ह लॅब प्रो आहे. पैसे घालायचे नसतील तर डार्कटेबलमध्ये ‘नेगाडॉक्टर’ नावाची सोय फुकट मिळते. स्लाईड तुलनेने सोप्या, कारण रंग उलटायचे नसतात. त्यांच्या सावल्या मात्र गडद असतात, तिथे कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन-तीन फोटो घ्यावे लागतात.

पण स्कॅन होऊन पडलेल्या हजार फायलींना नुसते क्रमांक असतील, तर पाकीट फक्त कपाटातून हार्ड डिस्कमध्ये गेलं. फाईलमध्ये आपोआप नोंदली जाते ती स्कॅन केल्याची तारीख. तशीच ठेवली तर १९७४चं लग्न मोबाईलच्या गॅलरीत गेल्या आठवड्यातल्या बिर्याणीशेजारी जाऊन बसतं. तारीख बदलावी लागते, आणि त्यासाठी आधी ती शोधावी लागते. इथे मोठं स्कॅन कामाला येतं. भिंतीवर कालनिर्णय दिसतं का? ते १९७३पासूनचं, आणि महिन्याचं पान वाचता आलं तर निम्मं काम झालं. दिवाणखान्यात टीव्ही आहे? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. गाडीच्या पाटीवर एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा असेल, तर फोटो १९८८च्या मोटार वाहन कायद्याआधीचा नाही. मुलांच्या पडलेल्या दातांवरून, घराला दिलेल्या रंगावरून, आजोबांच्या चष्म्याच्या काडीवरून वर्ष पकडता येतं. हा शोध घरच्यांशिवाय कुणी करू शकत नाही. केला तरी त्याला कालनिर्णय दिसेल, दात दिसणार नाहीत.

साल नक्की कळलं नाही तर ‘१९७० ते ७५’ असं लिहा. खोटी नेमकी तारीख टाकण्यापेक्षा ते बरं. माणसांची नावं पूर्ण लिहा. ‘काका’ म्हणजे कुणाचे काका, हे पुढच्या पिढीला कळणार नाही. बायकांचं माहेरचं नावही लिहा. मोलकरीण, गडी, शेजारची मुलं, ड्रायव्हर यांची नावं आज कुणाला आठवत असतील तर तीही लिहा. फोटोत ते आहेत, मग यादीतही असायला हवेत.

वाटून टाकण्याआधी थोडं थांबा. जुन्या रोलमध्ये अंत्यदर्शनाचे फोटो निघतात, मोडलेल्या साखरपुड्याचे निघतात, आता बोलणं बंद असलेल्या भावांचे गळ्यात गळे घातलेले निघतात. ते जपून ठेवावेत यात शंका नाही. पण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी सातला टाकावेत का, हा प्रश्न वेगळा. ज्यांचा फोटो आहे त्यांना, किंवा त्यांच्या मुलांना, आधी एकट्याला दाखवा. आणि गटावर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आक्रसलेली असते, हेही लक्षात ठेवा. तिच्यावरून पुन्हा प्रिंट काढायला जाऊ नका.

स्कॅन झालं की निगेटिव्ह टाकून द्यायची का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. नाही. हार्ड डिस्क बंद पडते, फाईलचे प्रकार बदलतात, आणि दहा वर्षांनी आजच्यापेक्षा चांगली साधनं आलेली असतील. पट्ट्या पीव्हीसीच्या प्लास्टिकमधून काढून कागदी किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या कव्हरात घाला. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या वेळच्या वेळी बदला. फायलींच्या तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या घरात. चोवीस मेगापिक्सेलची एक फ्रेम १६ बिटच्या टिफमध्ये सुमारे १४४ एमबी होते, म्हणजे हजार फ्रेमचे १४४ जीबी. आजच्या डिस्कच्या मानाने हे फार नाही.

ही पुस्तिका छायाचित्रकारांसाठी लिहिलेली नाही. ज्यांच्या घरात एक पाकीट आहे आणि रविवारची दुपार मोकळी काढता येते, त्यांच्यासाठी आहे. प्रकरणं ओळीने वाचलीच पाहिजेत असं नाही. हातातली फिल्म ओळखायला पहिलं प्रकरण आणि नावं-तारखांचं शेवटचं, एवढी दोन आधी वाचली तरी चालेल. मधली साधनांची प्रकरणं साधनं विकत घ्यायची वेळ आली की वाचा. बाहेरून स्कॅन करून घ्यायचं ठरवलंत तरी पहिलं आणि शेवटचं ही दोन प्रकरणं लागतीलच. काय स्कॅन करायचं, काय वगळायचं नाही, रंग कसे तपासायचे, हे सांगायला घरचंच माणूस लागतं.

काहीच विकत न घेता आजही सुरुवात करता येते. टॅबलेटचा पडदा पूर्ण पांढरा करून त्याच्यावर पट्टी थोडी उंच धरा, म्हणजे पडद्याचे ठिपके दिसणार नाहीत. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये रंग उलटे करायची सोय असते. ती चालू करून कॅमेरा पट्टीवर धरला की निगेटिव्ह फोनवर सरळ फोटोसारखी दिसते. रंग निळसर येतात, चेहरे मात्र ओळखू येतात. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला शेजारी बसवा, एकेक फ्रेम दाखवा, आणि पट्टीचा क्रमांक घालून ते सांगतील ते वहीत लिहून घ्या. स्कॅनर पुढच्या दिवाळीला घेतला तरी चालेल. ही वही मात्र या महिन्यातच भरायला घ्या.